पाय मोकळाच हवा

‘डोंगरात सायकल नीट चालवायची असेल तर क्लीट्सना पर्याय नाही.’ पुण्या-मुंबईच्या सायकल ग्रुपमध्ये हे वाक्य इतक्या ठामपणे बोललं जातं, की त्यावर उलट प्रश्न विचारायचं नव्या माणसाला सुचतही नाही. त्याने पहिली एमटीबी, म्हणजे डोंगरात चालवायची सायकल, घेतलेली असते, काही रविवार टेकडीवर घालवलेले असतात. मग एखादा अनुभवी सायकलस्वार त्याच्या पेडलकडे बघतो आणि म्हणतो, ‘आता बास झाले फ्लॅट. क्लीटवर ये.’ सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो, त्याबद्दल मला शंका नाही. पण सल्ला चुकीचा आहे. फ्लॅट नवशिक्यांचे आणि क्लीट जाणत्यांचे, ही विभागणीच मुळात खोटी आहे. मी बरीच वर्षं क्लीटवर चालवून फ्लॅटवर आलो आणि डोंगरात तरी परत जाणार नाही. का, ते सविस्तर सांगायला हवं, कारण समोरच्या बाजूचे मुद्देही हसण्यावारी नेण्यासारखे नाहीत.

ज्यांना हे दोन प्रकार ठाऊक नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात. क्लीट म्हणजे बुटाच्या तळाला, चवड्याखाली, दोन बोल्टांनी आवळलेला धातूचा छोटा तुकडा. तो पेडलच्या स्प्रिंगवाल्या जबड्यात दाबला की खटकन अडकतो आणि टाच बाहेर फिरवली की सुटतो. फ्लॅट पेडलला असं काही अडकत नाही. साधारण तळहाताएवढा, मध्ये किंचित खोलगट असा चौकोन, त्यावर दोन्ही बाजूंना उभ्या छोट्या पिना, आणि त्यांवर मऊ रबराच्या तळाचा बूट. पाय टिकतो तो वजनाने आणि घर्षणाने.

क्लीटची कीर्ती कुठून आली हे आधी बघू, कारण वादाचं अर्धं उत्तर तिथेच आहे. फ्रान्समधली लूक ही कंपनी बर्फावर घसरायच्या स्कीला बूट पक्का धरून ठेवणारी यंत्रणा बनवायची. १९८४ मध्ये तिने तीच कल्पना पेडलवर आणली आणि १९८५ मध्ये बर्नार इनो ती पेडल्स वापरून टूर द फ्रान्स जिंकला. त्याआधीचे शर्यतपटू चवडा धातूच्या पिंजऱ्यात घालून वरून चामडी पट्टा आवळायचे, आणि पाय बाहेर काढायचा तर हात खाली नेऊन पट्टा सैल करावा लागायचा. त्या मानाने टाच फिरवली की मोकळं करणारं पेडल ही मोठी सुटका होती. १९९० मध्ये शिमानो या कंपनीने एसपीडी हे पेडल आणलं. क्लीट लहान झाली, बुटाच्या तळात आत बसली, चालणं शक्य झालं. एमटीबीचे शर्यतपटूही तोवर पिंजरा आणि पट्टाच वापरत होते, त्यामुळे त्यांनी ते लगेच उचललं, आणि बरोबरच केलं.

म्हणजे क्लीटचं श्रेष्ठत्व सिद्ध झालं ते पिंजऱ्याच्या तुलनेत. आजच्या फ्लॅटशी तिची तुलना तेव्हा झालीच नाही, कारण आजचं फ्लॅट तेव्हा नव्हतंच. रुंद, पातळ, मध्ये खोलगट, बदलता येणाऱ्या टोकदार पिनांचं पेडल नंतर आलं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्याला साजेसा बूट नंतर आला. चार्ल्स कोल या अमेरिकी गिर्यारोहकाने १९८५ मध्ये फाइव्ह टेन ही कंपनी काढली आणि कातळ चढणाऱ्यांसाठी स्टेल्थ नावाचं चिकट रबर तयार केलं. तेच रबर पुढे सायकलच्या बुटांच्या तळाला लागलं, आणि फ्लॅट पेडलवरचं चित्र पालटलं. पिना त्या रबरात रुतल्या की पाय जागचा सरकवायचा झाला तर आधी उचलावा लागतो. ज्यांच्या मनात ‘फ्लॅट म्हणजे पाय घसरणार’ हे पक्कं बसलंय, त्यांच्या डोळ्यांसमोर सायकलबरोबर दुकानातून आलेली प्लॅस्टिकची पेडल्स आणि पळायचे बूट असतात. पळायच्या बुटाचा तळ फोमचा, जाड आणि खाचाखाचांचा असतो. त्या खाचा पिनांवर नीट बसत नाहीत आणि फोम दबत राहतो. त्या जोडीवर कुणाचाही पाय घसरेल. पण तो पुरावा फ्लॅटविरुद्धचा नाही, चुकीच्या बुटाविरुद्धचा आहे.

आता ताकदीचा मुद्दा. क्लीटच्या बाजूने सर्वांत जास्त वेळा तोच मांडला जातो: ‘पाय अडकलेला असला की वर ओढताही येतं. पूर्ण चक्करभर ताकद लागते. फ्लॅटवर अर्धीच.’ ऐकायला हे निर्विवाद वाटतं. पण माणसाचं शरीर तसं चालत नाही. मांडीचे पुढचे स्नायू आणि नितंबांचे स्नायू हे शरीरातले सर्वांत दणकट स्नायू, आणि ते खाली दाबण्यासाठी बनलेले आहेत. पाय वर उचलणारे स्नायू त्यांच्यापुढे किरकोळ आहेत. १९९१ मध्ये एडवर्ड कॉइल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अव्वल दर्जाच्या सायकलपटूंची त्यांच्या खालोखालच्यांशी तुलना केली. अव्वल मंडळी जास्त ताकद कुठून काढतात? खाली दाबताना, जास्त जोराने दाबून. वर ओढण्यात त्यांचं वेगळेपण नव्हतं. २००७ मध्ये थॉमस कॉर्फ आणि सहकाऱ्यांनी प्रश्न थेटच तपासला. सायकलपटूंना एकाच ताकदीवर आणि एकाच गतीवर चार पद्धतींनी पेडल मारायला लावलं: नेहमीसारखं, गोल गोल, मुद्दाम दाबून आणि मुद्दाम वर ओढून. वर ओढताना पेडलवरचं बळ कागदावर जास्त नीटस दिसलं, पण त्यासाठी शरीराने जास्त ऊर्जा जाळली. चार पद्धतींत सर्वांत अकार्यक्षम ठरली ती हीच.

थोडा विचार केला तर यात नवल नाही. पेडल ज्यांना लावलेली असतात ते दोन्ही क्रँक एकमेकांना जोडलेले आहेत. उजवा पाय खाली जातो तेव्हा डावा आपोआप वर येतो. वर येणाऱ्या पायाचं काम एवढंच, की पेडलवर भार टाकून दुसऱ्याच्या वाटेत येऊ नये. तेवढं फ्लॅटवरही साधतं. काही सेकंदांच्या स्प्रिंटमध्ये, जिथे उरलंसुरलं सगळं ओतायचं असतं, तिथे वर ओढण्याचा उपयोग होतो, हे मी मान्य करतो. शेवटच्या शंभर मीटरवर शर्यत जिंकायची असेल तर क्लीट लावा. पण टेकडीच्या चढावर तासभर घाम गाळणारा माणूस स्प्रिंट करत नसतो.

खरा वाद मला इथून पुढे वाटतो, कारण तो सायकल चालवण्याच्या कलेचा आहे. क्लीटचे समर्थक म्हणतात, ‘खडबडीत उतारावर पाय पेडलवरून उडतो. क्लीट असली की पाय जागेवर राहतो, म्हणून ताबा राहतो.’ यातलं पहिलं वाक्य खरं आहे. पाय उडतो. पण का उडतो, हा प्रश्न कुणी विचारत नाही. तो उडतो कारण चालवणारा टाच वर आणि चवडा खाली करून उभा असतो, गुडघे ताठ असतात आणि वजन सीटवर किंवा हँडलवर गेलेलं असतं. पुढचं चाक दगडावर आदळलं की सायकलचा वेग क्षणभर कमी होतो, शरीर मात्र त्याच वेगाने पुढे जात राहतं. चवडा खाली झुकलेला असेल तर पाय त्या झोकाबरोबर पेडलवरून पुढे सरकतो. टाच खाली असेल तर उलट घडतं. पेडलचा सपाट भाग मागे कलतो, तळव्याला पुढून अडसर मिळतो आणि प्रत्येक आदळआपट पाय पेडलमध्ये आणखी घट्ट रुतवते. इथे पाय धरून ठेवायला दुसरं काही लागत नाही. गुडघे वाकलेले, क्रँक जमिनीला समांतर, टाच खाली, वजन पायांवर, हातांवर फक्त दिशा. डोंगरातल्या सायकलीची ही बाराखडी आहे.

क्लीटवर ही बाराखडी न शिकताही चालतं. टाच वर असली तरी पाय सुटत नाही, गुडघे ताठ असले तरी सुटत नाही, वजन चुकीच्या जागी असलं तरी सुटत नाही. आणि म्हणून चुकतंय हे कळतच नाही. गावच्या विहिरीत पोहायला शिकणाऱ्या पोराच्या पाठीला डबा बांधतात. डब्यामुळे ते बुडत नाही, पण हातपाय मारता येतात की नाही हे डबा सोडल्याशिवाय त्यालाही कळत नाही आणि काठावरच्या काकालाही. वर्षानुवर्षं क्लीटवर चालवलेले, दमदार पायांचे, वेगवान लोक मी फ्लॅटवर पहिल्यांदा चढलेले पाहिले आहेत. पहिल्याच खडकाळ उतारावर त्यांचे पाय नाचायला लागतात आणि ते म्हणतात, ‘बघ, म्हणून फ्लॅट नकोत.’ मला त्यात नेमकं उलट दिसतं. पायाखाली जे इतकी वर्षं चुकत होतं, ते फ्लॅटने पहिल्या दहा मिनिटांत दाखवलं.

बनी हॉप हे याचं सर्वांत स्पष्ट उदाहरण. सायकल दोन्ही चाकांनी उचलून दगडावरून, ओंडक्यावरून, चरावरून पलीकडे न्यायची. क्लीटवाला माणूस ते कसं करतो? दोन्ही पाय वर ओढतो आणि सायकल सरळ वर येते. येते थोडीच, आणि क्लीट त्या क्षणी सुटली तर तो सीटवर नाहीतर दांड्यावर आदळतो. योग्य पद्धत अशी: शरीर मागे नेऊन पुढचं चाक उचलायचं, मग उभं राहत हँडल पुढे ढकलायचं, आणि त्याच वेळी चवडे खाली करून पाय पेडलला मागे व वर रेटायचे, म्हणजे मागचं चाक त्या रेट्याने वर येतं. पाय पेडलला चिकटून राहतो तो त्या रेट्यानेच. फ्लॅटवर हे जमल्याशिवाय मागचं चाक उठतच नाही, म्हणून फ्लॅटवर ते शिकलं जातं. आणि एकदा शिकलं की ते कुठल्याही पेडलवर करता येतं. उलटी वाट नाही. क्लीटवर ओढून शिकलेला हॉप फ्लॅटवर नेता येत नाही.

वळणांचंही तसंच. मुरमाड, सैल वळणावर बाहेरचा पाय खाली, सगळं वजन त्यावर, आणि आतला पाय गरज पडली तर पेडल सोडून पुढे. चाक घसरलं तर तो पाय जमिनीला टेकतो आणि सायकल सावरते. क्लीटवर हाच पाय आधी फिरवून सोडवावा लागतो, मग बाहेर काढावा लागतो आणि वळण संपल्यावर पुन्हा जबडा शोधत खट करून अडकवावा लागतो. तो खट वेळेवर झाला नाही तर पुढच्या खडकावर पाय क्लीटच्या निसरड्या धातूवर नुसता ठेवलेला असतो, आणि ती अवस्था दोन्ही पेडलांपेक्षा वाईट.

यावर ठरलेलं उत्तर येतं: ‘सवय झाली की पाय आपोआप निघतो. सुरुवातीला दोन-चार वेळा सिग्नलला पडतो प्रत्येक जण, मग नाही.’ सिग्नलवर ते खरं आहे. सिग्नल लांबून दिसतो, थांबायचं आहे हे आधी कळतं, टाच फिरवायला वेळ असतो. सह्याद्रीत थांबणं आधी कळत नाही. इथली जमीन बेसॉल्टच्या कातळाची, पायऱ्यापायऱ्यांची. वरून मुरूम आणि घसारा, पावसाळ्यात शेवाळ. चढावर पुढचं चाक एखादी पायरी चढतं, मागचं शेवाळावर गरकन फिरतं, आणि सायकल उभ्या जागी थांबते. तोल जायला अर्धा सेकंदही लागत नाही.

गेल्या पावसाळ्यात माझ्यापुढे काही हातांवर हेच घडलं. चालवणारा क्लीटवर कित्येक वर्षं घालवलेला, आमच्यातला सर्वांत दमदार माणूस. वाट एका सोंडेच्या कडेने, डावीकडे उतार. पुढचं चाक कातळाच्या कडेवर चढलं, मागचं घसरलं, सायकल थबकली. त्याने सवयीने उजवा पाय सोडवला, कारण तो नेहमी उजवाच आधी सोडवतो. पण सायकल डावीकडे झुकली. डाव्या पायावर सगळं वजन आलेलं, नितंब आधीच बाहेर गेलेला, आणि त्या स्थितीत टाच बाहेर फिरवायची म्हणजे पडत्या शरीराच्या विरुद्ध गुडघा पिळायचा. तो फिरवत होता, ते मला दिसत होतं. बुटाची टाच दोनदा थरथरली. क्लीट सुटली ती सायकल आडवी झाल्यावर. कारवीच्या दाट झुडपांनी त्याला धरलं, मनगट सुजलं, दुसरं काही झालं नाही. त्याच जागी त्याच्या मागून फ्लॅटवर येणारी मुलगीही थबकली. तिने डावा पाय टेकवला, सायकल वळवून घेतली आणि पुन्हा प्रयत्न केला. तिची तयारी त्याच्या निम्मीही नव्हती.

घाबरलेल्या शरीराची पहिली हालचाल पाय सरळ बाहेर, जमिनीकडे टाकण्याची असते. लहानपणी चालायला लागल्यापासून आपण तोल असाच सावरत आलो आहोत. त्या हालचालीच्या मध्ये एक फिरवण्याची क्रिया घालायची आणि ती सवयीची होईल असं म्हणायचं, हे शक्य आहे, नाही असं नाही. पण सवय सोप्या प्रसंगांत लागते आणि परीक्षा अवघड प्रसंगात होते. आपल्या वाटांवर पडण्याची किंमतही जास्त आहे. बऱ्याच ठिकाणी मोबाईलला रेंज नाही, गाडीरस्ता दूर, आणि जखमी माणसाला वाडीतल्या लोकांच्या मदतीने खाली न्यावं लागतं. हा हिशेब युरोपातल्या बाईक पार्कमध्ये वेगळा असेल. आपण आपल्या डोंगराचा करायला हवा.

‘मग स्प्रिंग सैल ठेव,’ असंही सांगतात. तीन मिलिमीटरच्या ॲलन कीने पेडलवरचा स्क्रू सैल करता येतो आणि क्लीट सहज सुटते. पण तीच सैल क्लीट उतारावर नको तेव्हाही सुटते, विशेषतः ज्याला सायकल पायांनी वर ओढून उचलायची सवय आहे त्याची. शिमानोची एसएच-५६ ही क्लीट वेगवेगळ्या दिशांनी सुटते, नेहमीची एसएच-५१ फक्त बाजूला फिरवली तर. क्लीट लावायचीच असेल तर ५६ने सुरुवात करा, हा सल्ला मी कुणालाही देईन. मात्र पाय सहज सुटणारं पेडल चांगलं, हे एकदा मान्य केलं तर पायाला कधीच न अडकवणाऱ्या पेडलपर्यंत जायला अडचण कुठे आहे, हे मला समजत नाही.

चिखलाचा आणि चालण्याचा मुद्दा लोक किरकोळ समजतात. आपल्याकडे तो किरकोळ नाही. जून ते सप्टेंबर काळी माती क्लीटच्या खाचेत अशी भरते की जबडा बंदच होत नाही. मग दगडावर बूट आपटत, काडीने माती उकरत उभं राहायचं. चारी बाजूंनी उघडी असलेली एगबीटरसारखी पेडल्स चिखलात बरी चालतात, पण बुटाखालच्या खाचेतली माती तीही काढत नाहीत. आणि आपल्या वाटांवर सायकल खांद्यावर घेऊन चढण्याचे टप्पे असतातच. ओल्या कातळावर, जांभ्याच्या सड्यावर, घडीव पायऱ्यांवर धातूची क्लीट जिथे टेकते तिथे सरकते. खांद्यावर सायकल असताना पाय सरकणं ही गंमत नाही. मऊ रबराचा सपाट तळ ओल्या दगडावर निदान भरवशाचा उभा राहतो, जरी ओल्या मातीच्या चढावर तोही कमी पडतो.

आता विजेत्यांकडे. ‘जगातले सगळे अव्वल लोक क्लीटवर आहेत,’ हे शेवटचं अस्त्र असतं. क्रॉस कंट्रीत ते जवळपास खरं आहे. निनो शुर्टर दहा वेळा जगज्जेता झाला, टॉम पिडकॉकने टोकियो आणि पॅरिस अशा लागोपाठ दोन ऑलिंपिकमध्ये सुवर्ण मिळवलं, दोघेही क्लीटवर. डाउनहिलच्या विश्वचषकातही आज बहुसंख्य क्लीटवरच दिसतात. पण ‘सगळे’ हा शब्द सॅम हिलने केव्हाच खोडला आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियाचा हा माणूस २००६, २००७ आणि २०१० मध्ये डाउनहिलचा जगज्जेता झाला, आणि तोही फ्लॅटवर. २००८ मध्ये वाल दी सोले इथल्या अजिंक्यपद शर्यतीत तो आघाडीवर असताना शेवटाजवळच्या वळणावर पडला, उठला आणि तरीही तिसरा आला. तिथवर कोणी म्हणालं असतं की उतारावर चालून जातं, चढावर काय? तर तो एन्ड्युरोकडे वळला. तिथे उतारांच्या शर्यतीचे टप्पे असतात, पण एका टप्प्यापासून दुसऱ्यापर्यंत दिवसभर स्वतःच्या पायांनी चढावं लागतं. २०१७, २०१८ आणि २०१९ अशी सलग तीन वर्षं एन्ड्युरो वर्ल्ड सिरीजचं विजेतेपद त्याने घेतलं. क्लीटवरच्या जगातल्या सर्वोत्तम लोकांविरुद्ध, फ्लॅटवर.

अपवाद म्हणून त्याला बाजूला ठेवतात. मला ते पटत नाही. फ्लॅटवर ताकद वाया जाते आणि पाय सुटतो, हे जर भौतिकशास्त्रासारखं अटळ असेल, तर अपवाद असूच शकत नाही. एक जरी माणूस तीन हंगाम सर्वांत वेगवान ठरला, तर तोटा अटळ नाही एवढं सिद्ध झालं, आणि उरतो तो कौशल्याचा प्रश्न. स्कॉटलंडच्या डॅनी मॅकॅस्किलला कड्यांच्या धारेवर सायकल उड्या मारत नेताना ज्यांनी पडद्यावर पाहिलंय, त्यांनी त्याचे पाय पुन्हा बघावेत. तोही फ्लॅटवरच असतो, कारण चूक झाली तर त्याला त्या क्षणी सायकल सोडून द्यायची असते.

शिवाय शुर्टरचं उदाहरण आपल्याला किती लागू पडतं? त्याला एकेका सेकंदाची गरज होती. दीड तासाच्या शर्यतीत चढावर उभं राहून पुन्हा पुन्हा झेपावणाऱ्या माणसाला, ज्याने सायकलवरचा ताबा आधीच कमावला आहे, क्लीट नक्की काहीतरी देते. क्रॉस कंट्री शर्यतीत उतरणाऱ्यांना मी क्लीट काढा म्हणणार नाही. पण रविवारी वेताळ टेकडीवर किंवा येऊरच्या जंगलाकडे जाणारा आयटीतला माणूस, शाळेतली मुलगी, निवृत्त बँकवाला, यांची गरज ती नाही. त्यांना उतार न घाबरता उतरता यावा, चढावर थांबलं तरी पडू नये, आणि घरी धड यावं.

फ्लॅटचे तोटे लपवायचे नाहीत. पाय सटकला तर पिना नडगी सोलवटतात, आणि ती जखम खोल, रेघोट्यांची, बरी व्हायला वेळ घेणारी असते. सुरुवातीला नडगीवर पॅड बांधावेत. चांगला फ्लॅटचा बूट आपल्याकडे सहज मिळत नाही आणि मिळाला तर महाग पडतो. मात्र पेडल स्वतः महाग असण्याची गरज नाही. नायलॉनचं, धातूच्या पिनांचं साधं पेडल बरीच वर्षं काम देतं. पाय ठेवायची जागा निवडता येते, हा एक फायदा कमी बोलला जातो. क्लीट बसवताना काही मिलिमीटरांनी चुकली तरी गुडघा रोज त्याच चुकीच्या कोनातून हजारो वेळा फिरतो, आणि दुखणं सुरू होतं. फ्लॅटवर पाय आपली जागा स्वतः शोधतो. चवड्यापेक्षा थोडा मागचा भाग पेडलच्या आसावर ठेवला तर पोटरीवरचा ताण कमी होतो आणि टाच खाली ठेवणंही सोपं जातं.

ज्यांना बदल करून बघायचा आहे त्यांनी एका रविवारवर निकाल देऊ नये. पहिले काही दिवस पाय हलका वाटेल, चढावर वर ओढायला जाल आणि पाय हवेत येईल. ते होऊ द्या. सीट खाली करा, ओळखीच्या सोप्या उतारावर जा आणि फक्त टाचांकडे लक्ष द्या. पायाखालचा प्रत्येक दगड तळव्याला जाणवायला लागला की ताठ गुडघे आपोआप वाकतात. मग वळणं, मग एक वीट ठेवून बनी हॉप, मग खडक.

शेवटी ग्रुप चालवणाऱ्यांना आणि दुकानदारांना. नव्या सायकलीबरोबर क्लीट आणि बूट एकत्र गळ्यात मारणं थांबवा. एका दुकानात तर मला सांगितलं गेलं, की फ्लॅटची चांगली पेडल्स ते ठेवतच नाहीत, कारण ‘सिरियस लोक घेत नाहीत’. सिरियस लोक घेत नाहीत कारण त्यांना दाखवलीच जात नाहीत. राईडच्या सूचनांत ‘क्लीट असल्यास उत्तम’ असं लिहिता, ते काढा आणि त्याऐवजी बुटाचा तळ कसा हवा ते लिहा. टेकडीवर येणाऱ्या मुलामुलींना पहिली दोन वर्षं फ्लॅटवर चालवू द्या. दगडी पायरी चाक न आपटता चढता यायला लागली आणि सैल उतारावर पाय जागेवर राहायला लागला, की क्लीट हवी की नको हे त्यांचं त्यांना ठरवू द्या. तोवर त्यांच्या पेडलकडे बघून काही बोलू नका, टाच खाली आहे की नाही तेवढं सांगा.